नगारचीच्या गळ्यावरची रेघ

विषय : जनाबिया येथील खासगी संग्रहातल्या युद्धचित्रात नगारचीच्या गळ्यावर असलेली रेघ न पुसण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरचा माझा अर्ज.

अर्जदार : जमालुद्दीन हमदुले, निवृत्त कारकून, मूळ राहणार बाणकोट, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम मुहर्रक, बहारीन.

अर्ज एका पानाचा आहे. शहाण्या माणसाला एका पानात जेवढं लिहिता येतं, तेवढंच त्यात आहे. उरलेलं इथे लिहितो. इथल्या एका शिपिंग कंपनीत मी आयुष्यभर बोटीच्या मालाची कागदपत्रं तयार केली. ‘माल उत्तम स्थितीत मिळाला’ या वाक्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, एवढं एक त्या नोकरीने शिकवलं. तेव्हा पुढे जे येईल त्यावर पहिला अविश्वास माझा आहे. वाचणाऱ्याने आपला नंबर माझ्यामागे लावावा.

१

मेहरीन माझी मुलगी. जुनी चित्रं आणि जुने कागद दुरुस्त करणं हा तिचा व्यवसाय. आधी मुंबईत शिकली, मग परदेशात. तिच्या आईला, खदिजाला, हे शिक्षण अजून पटलेलं नाही. “डॉक्टर झाली असती तर माणसा बरी केली असती. ही कागदा बरी करते,” असं ती आल्यागेल्याला सांगते आणि सांगताना मान ताठ करते.

मुहर्रकच्या पुलापलीकडे, जनाबियातल्या एका मोठ्या व्हिलात मेहरीनला काम मिळालं. व्हिलाचे मालक संग्राहक होते आणि बहुतेक काळ परदेशी असायचे. आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा सगळा कारभार हेमचंद्र केतकर हे पुण्याचे अकाउंटंट बघायचे. मेहरीनचा व्हिसा त्या ऑफिसचा आणि आम्ही दोघं म्हातारे मेहरीनच्या व्हिसावर. म्हणजे आमच्या घराचा पाया मुहर्रकमध्ये असला तरी तो जनाबियातल्या केतकरांच्या टेबलावर उभा होता.

सकाळी ओवैस नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन यायचा. मीही बरोबर जायचो. मला नेमणूक नव्हती, खुर्ची होती. मेहरीन भिंगातून बघत इंग्रजीत बोलायची आणि मी ते टाइप करायचो. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला मजकूर सांगत होतं. मी खूश होतो.

खोली व्हिलाच्या मागच्या अंगाला होती. खिडकी नाही, पायाखाली जाड गालिचा, मध्ये पांढरं टेबल, वर दिवा. हवा कोरडी ठेवणारं एक यंत्र कोपऱ्यात घरघरायचं. टेबलावर चित्र होतं, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं. एका सुट्या झालेल्या पोथीचं ते पान. विषय इराणी राजांच्या जुन्या वीरकाव्यातला, इराण आणि तुराणची लढाई, पण रंगवली मुघलांच्या चित्रशाळेत. त्यामुळे इराणच्या माळावर हत्ती आले होते, सैनिकांच्या कमरेला राजपुती पटके होते आणि एका खडकाआड चक्क केळ उभी होती. आपल्या माणसाला परदेशचं काम दिलं की तो घरचं काहीतरी बरोबर नेतोच. आम्ही बहारीनला कोकम आणलं, त्यांनी इराणला केळ नेली.

“अब्बा, हे एका माणसाचं काम नाही,” मेहरीन म्हणाली. “One man drew it, दुसऱ्याने रंग भरले. चेहरे काढणारा तिसराच.”

“म्हणजे मसुदा कारकुनाचा, सही साहेबाची.”

“Exactly.”

निळे आणि ठिपक्यांचे घोडे एकमेकांवर चढले होते. वर जांभळ्या खडकांमागून बघे डोकावत होते, प्रत्येकाचं बोट तोंडात. डाव्या कडेला उंटावर नगारची बसला होता, दोन्ही टिपऱ्या डोक्यावर उगारून. चेहरे सगळे एका बाजूने दिसणारे. एक डोळा, एक गाल, अर्धी मिशी.

आणि प्रत्येकाच्या गळ्यावर एक आडवी काळपट रेघ.

२

रेघ रंगवणाऱ्याची नव्हती. नंतर कुणीतरी बोरूने ओढली होती. माणसांच्या गळ्यावर, घोड्यांच्या, हत्तींच्या. खाली एक मुंडकं धडावेगळं पडलं होतं, त्याच्याही मानेच्या तुकड्यावर होती. ओढणारा काटेकोर होता.

मला ती बघताच ओळखू आली. बाणकोटला माझे मामू घरात येणाऱ्या प्रत्येक चित्राच्या गळ्यावर टाकाने अशीच रेघ ओढायचे. दंतमंजनाच्या डब्यावरचा हसरा माणूस, काडेपेटीवरचा वाघ, माझ्या भूगोलाच्या पुस्तकातला एस्किमो. जिवंताची तसबीर घरात असू नये. रेघ ओढली की ती मेली, मग ठेवायला हरकत नाही. शाळेत पोरं माझं पुस्तक मुद्दाम मागून घ्यायची. एस्किमोचा खून फक्त आमच्याच घरी झाला होता.

मेहरीनचं म्हणणं होतं की रेघा राहू द्याव्यात. चित्र कुणाकुणाच्या हातांतून गेलं त्याची ती खूण आहे. हेमचंद्र दारातच उभे होते. गोरे, गुटगुटीत, हातात कायम चहाचा कप.

“मॅडम, साहेबांना प्रदर्शनात गळे कापलेले नको आहेत. हे त्यांचं वाक्य, माझं नाही.”

“It’s part of the object, sir.”

“असेल. पण तुमचं कॉन्ट्रॅक्टही पार्ट ऑफ द ऑब्जेक्टच आहे.” ते हसले. “डाग म्हणा आणि काढा. जमालभाई, तुम्ही तरी सांगा पोरीला.”

मी फक्त ‘डाग’ असं टाइप केलं.

त्या दिवशी जेवताना मी ही गंमत खदिजाला सांगितली. ती सुरमई वाढत होती. वाढायची थांबली.

“मामू मारून ठेवायचे आणि माझी बाय जिती करते?”

“अम्मी, it’s only ink.”

“असू दे शाई. रोज पुसणार काय?”

“हो.”

“मग त्यांना खायला काय घालशील?”

आम्ही बापलेक हसलो. खदिजा हसली नाही. तिने सुरमईचा मोठा तुकडा मेहरीनच्या ताटात टाकला आणि झाकणी आपटली.

३

काम नाजूक होतं. भिंगाखाली, शस्त्रक्रियेच्या पात्याने आणि कापसाच्या ओलसर टोकाने, रेघ कणाकणाने निघायची. खालचा रंग जसाच्या तसा, ताजा. एक गळा मोकळा झाला की मेहरीन मान मागे टाकून श्वास सोडायची. एकदा मला वाटलं, तिच्यानंतर आणखी कुणीतरी सोडला. यंत्र असेल.

त्या यंत्राला खाली बादली होती. हवेतला ओलावा पाणी होऊन तिच्यात साचायचा आणि ओवैस ते संध्याकाळी बाहेर खजुराच्या झाडाला घालायचा. मेहरीनचं काम सुरू झाल्यापासून बादली दुपारीच भरू लागली. भिंतीवर ओलावा दाखवणारा काटा होता. मेहरीन चित्राला हात लावत नसली की तो गप्प असायचा. एखादी रेघ पूर्ण निघाली की उचलायचा. मी तिला दाखवलं. ती म्हणाली, ओला कापूस वापरते म्हणून असेल. तो कापूस भाताच्या शितापेक्षा लहान होता.

एक दिवस ओवैस बादली घेऊन तसाच परत आला. उंच, बडबड्या मुलगा, डाव्या गालावर ठसठशीत चामखीळ.

“चाचा, ये पानी खारा है.”

“चाखलंस कशाला?”

“हाथ पे गिरा. हाथ मुँह पे लगा. पेड़ देखो, जल रहा है.”

खजुराच्या बुडाशी पांढरं बसलं होतं. मी त्याला म्हटलं, बाबा, चारी बाजूंनी समुद्र, या देशाच्या नावातसुद्धा दोन समुद्र आहेत, पाणी खारंच असणार. त्याला ते पटलं. मला मात्र पटलं नाही. यंत्रातलं पाणी वाफेचं असतं आणि वाफेत मीठ येत नाही, हे मी चौथीत शिकलो होतो. कुणी बघत नाही असं पाहून मी बोट बुडवून जिभेला लावलं.

समुद्रासारखं नव्हतं. घामासारखं होतं.

मग वास आला. ओल्या घोंगडीचा, लिदेचा. जवळच उंटांचा मोठा फार्म आहे, त्यामुळे मी स्वतःला लगेच उत्तर दिलं. फक्त त्या खोलीला खिडकी नव्हती आणि बाहेर अंगणात उभं राहिलं की वास यायचा नाही. आत यायचा.

४

आता माझा संशय कुठे गेला ते सांगतो. भुतांवर गेला नाही. शिपिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा संशय आधी माणसांवर जातो.

टाइप करायला सोपं जावं म्हणून मी रोज फोनवर चित्राचा फोटो काढायचो. एका दुपारी सहज मागचे फोटो बघत होतो. पहिल्या फोटोत निळ्या घोड्याचे चारही पाय हवेत होते. त्या दिवशीच्या फोटोत एक खूर जमिनीला टेकला होता. खडकांमागच्या एका बघ्याचं बोट तोंडातून निघालं होतं.

मी मेहरीनला बोललो नाही. मला वाटलं, उघड आहे. कुणीतरी अस्सल चित्र थोडं थोडं करून हलवतंय, नक्कल बसवतंय, आणि अहवालावर सही माझ्या पोरीची आहे. उद्या बोंब झाली की अकाउंटंट पुण्याला आणि मेहरीन पोलीस स्टेशनला.

मी हेमचंद्रांच्या केबिनमध्ये गेलो.

“चित्र बदललंय.”

“कुणी?”

“तेच विचारायला आलोय.”

त्यांनी फोन घेतला, दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. “अँगल वेगळा आहे.”

“अँगलने खूर खाली येतो?”

“बहारीनमध्ये सगळं खाली येतं जमालभाई, भाडं सोडून.” त्यांनी फोन परत दिला. “तुम्ही नोकरीतून रिटायर झालात, संशयातून झाला नाहीत. खोलीला कुलूप आहे. किल्ली दोघांकडे, माझ्याकडे आणि तुमच्या मुलीकडे. चित्र मी बदललं नसेल तर मग कुणी बदललं, याचा विचार करून मगच बोला. चहा घेणार?”

चहा घेतला. बोचरा माणूस, पण चहा चांगला करायचा. उठताना माझं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. वरचं बटण लावलेलं होतं, गळ्याशी घट्ट, टाय नसताना. बाहेर खदखदणारा उन्हाळा होता.

५

ओवैसच्या गळ्यावर रेघ मला गाडीत दिसली. सिग्नलला त्याने पाणी प्यायला मान वर केली तेव्हा. केसाएवढी, काळपट, या कानापासून त्या कानापर्यंत.

“हे काय लागलं?”

“सीट बेल्ट, चाचा.”

सीट बेल्ट खांद्यावरून तिरका जातो. ओवैस पुढे काही बोलला नाही, आणि हेच विचित्र होतं. ओवैस पुलावर चढल्यापासून उतरेपर्यंत बोलायचा. त्याच्या आईचं ऑपरेशन, त्याच्या मेहुण्याचं दुकान, क्रिकेट. त्या दिवसापासून त्याचा आवाज आटत गेला. आधी घोगरा झाला, मग नुसतं ‘जी’, मग तेही मफी, म्हणजे इथल्या भाषेत ‘नाही’. विचारलं तर हसायचा, समोर बघत. आरशातही माझ्याकडे बघायचा नाही.

एका दुपारी मी पाय मोकळे करायला अंगणात आलो. गाडी शेडखाली उभी होती, इंजिन बंद, काचा बंद, आणि ओवैस आत बसलेला. त्या उन्हात बंद गाडीत माणूस उकडून निघेल. मी त्याच्या काचेवर टकटक केलं. तो समोर बघत राहिला. चामखीळ, अर्धी मिशी, एक डोळा. पापणी हलली नाही.

मला वाटलं चक्कर आली असेल. त्याच्या बाजूचं दार लॉक होतं म्हणून मी बॉनेटला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेलो आणि काचेतून वाकलो.

पलीकडूनही मला त्याचा डावाच गाल दिसला. चामखिळीसकट.

मी परत अलीकडे आलो. डावा गाल. मी घाई न करता खोलीत गेलो, खुर्चीवर बसलो, चष्मा पुसला. ऊन, वय, रक्तदाब. तीन कारणं होती आणि तिन्ही चांगली होती. संध्याकाळी दुसराच माणूस दुसरी गाडी घेऊन आला. हेमचंद्रांनी फोनवर सांगितलं की ओवैस लीव्हवर गेला. गेला असेल. मी अंगणात गेलो नाही.

पण दुसऱ्या दिवशी मी चित्राजवळ गेलो आणि मेहरीनच्या खांद्यावरून गळे बघत सुटलो. जवळजवळ सगळे मोकळे होते. भाले, घोडे, हत्ती, बघे. खोली इतकी शांत होती की यंत्र चालू असूनही त्याची घरघर ऐकू येत नव्हती. गर्दीने श्वास धरल्यावर मैदानात होतं तसं. ही फौज लढत नव्हती. थांबली होती. तिने कशाकडे कान लावला आहे हे कळायला मला वेळ लागला. डाव्या कडेला उंटावरच्या माणसाच्या टिपऱ्या अजून हवेत होत्या. रेघ अजून त्याच्या गळ्यावर होती.

६

घरी मेहरीन ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसायला लागली. एसीमुळे घसा धरतो, म्हणाली. आवाज बसला. मी सलमानियाच्या सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरीण बाई चांगली होती, नळी घालून वेळ घेऊन पाहिलं. घशात काही नाही, म्हणाली. ओढणीखालच्या रेघेबद्दल मी विचारलं. तिने मेहरीनच्या गळ्यावर दिवा धरला आणि मला म्हणाली, कुठली रेघ?

मला दिसत होती. मेहरीनलाही. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा ते कळलं.

खदिजाने एकदाच, स्वयंपाकघराच्या दाराकडे हनुवटी करून मला म्हटलं, “बघितला काय? पोर दारात उभी राहते ती आडवी. सरळ तोंड करून मला शेवटची कधी दिसली, सांगा.”

मी बोटांवर दिवस मोजू लागलो.

“तुम्ही तिकडे बसून काय करताव?”

“टाइप करतो.”

“मोठा काम करताव,” खदिजा म्हणाली. मग तिचा आवाज फाटला. “तिला सोडवा. कागदाने सोडवा नाय तर हातापाया पडून सोडवा. मला माझी पोर समोरून बघायची हाय.”

मी रात्रभर मसुदे केले नाहीत. झोपलोही नाही. मामूंचा टाक आठवत पडलो. ते रेघ ओढायचे तेव्हा मला वाटायचं, ते चित्राचा राग करतात. आता वाटतं, राग नव्हता. ते दाराला कडी लावत होते.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहरीन हात धुवायला बाहेर गेली. मी खिशातून शाईचं पेन काढलं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने दिलेलं. त्याने मी सह्यांशिवाय काही केलं नव्हतं.

सगळ्यात पुढे, निळ्या घोड्यावर, एक तरुण स्वार होता. त्याच्या गळ्यावर मी निब टेकवली. चित्र किती लाख दिनारांचं होतं मला माहीत नाही. मी फक्त पान बघत होतो. जुनं, जाड, सुकं पान.

निबेखाली काहीतरी उडत होतं.

मनगटावर नाडी उडते तसं. माझाच हात कापत असेल म्हणून मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. हात थांबला. ते उडतच राहिलं. गळा कोमट होता. शाई ओघळून बाजूला जाऊ लागली, घामावरून जाते तशी, आणि त्या स्वाराचा एकुलता एक डोळा, जो इतके दिवस शत्रूकडे होता, तो आता...

मी रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटीच्या कागदावर रद्द मजकुरावरून ओढतो तशी, एका दमात.

कोपऱ्यातल्या यंत्राची घरघर एकदम ऐकू आली. दारातून मेहरीन म्हणाली, “अब्बा! What are you doing?”

तिच्या स्वतःच्या आवाजात. खणखणीत. आणि ती सरळ माझ्यासमोर उभी होती, दोन डोळे, दोन गाल, रागाने लाल झालेली. मी इतका आनंदाने रडलो की तिला वाटलं मला झटका आला. तिने ओढणी सोडून मला वारा घातला. तिचा गळा स्वच्छ होता.

त्या संध्याकाळी खदिजाने तिला समोर बसवून जेवू घातलं. एक घास, मग एक नजर. मेहरीन म्हणाली, “अम्मी, stop staring.” खदिजा म्हणाली, “बघू दे गो. फुकट हाय.”

८

खोलीत कॅमेरा होता. माझ्यासारख्या माणसाने तो आधी बघायला हवा होता.

सकाळी हेमचंद्रांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. आवाज अगदी हलका होता, मला पुढे वाकावं लागलं. मला त्यांचा एक कान दिसत होता.

“साहेब पोलीस कम्प्लेंट म्हणतायत. मी थांबवलंय. मॅडम, ती शाई ताजी आहे तोवर निघेल ना?”

“निघेल,” मेहरीन म्हणाली.

“मेहरीन, नको.”

“निघाली, राहिलेलं एक काम झालं, तर विषय खलास. तुमचे अब्बा पण सुटले. नाही तर त्यांच्या वयाला जेल बरं नाही.”

“केतकर,” मी म्हणालो, “तुमचं बटण काढा.”

ते हलले नाहीत. मी टेबलाला वळसा घालून पलीकडे जाणार होतो. दोन पावलं टाकली आणि थांबलो. एकदा पलीकडे जाऊन बघितलं होतं, पुरे झालं.

“मेहरीन, मी जेलमध्ये जाईन. तिथेही वाचायला देतात.”

“अब्बा, please,” ती म्हणाली. मग मराठीत, जी ती भांडतानाही सहसा वापरत नाही, “तुम्ही माझ्यासाठी केलंत ना? मग मला पण करू द्या.”

मी चित्राच्या खोलीबाहेर उभा होतो. आत जायला मनाई होती. ती माझी रेघ पुसत होती. दुपार होईपर्यंत यंत्राची घरघर पुन्हा ऐकू येईनाशी झाली. मेहरीन बाहेर आली तेव्हा ओढणी गळ्याला होती आणि ती भिंतीच्या कडेने, भिंतीकडे बघत, माझ्याजवळून गेली.

९

आता वस्तुस्थिती.

चित्रात एकच रेघ शिल्लक आहे. ती नगारचीच्या गळ्यावर आहे. ती प्रदर्शनाच्या आधी काढायची असं ठरलं आहे. दिवस कळवलेला नाही. ‘इंशाल्ला लवकरच’ असं कळवलं आहे. काम मेहरीननेच करायचं आहे, आणि तिने नाही म्हटलं तर माझ्याविरुद्धची तक्रार पुढे जाईल. ती नाही म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही. रोज सकाळी गाडी येते, ती जाते, संध्याकाळी येते, जेवते. खदिजा तिच्या एका बाजूला बसते, मग उठून दुसऱ्या बाजूला बसते, मग परत पहिल्या. काय दिसतं ते ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

मी माझ्या बाजूने दोन गोष्टी त्या ऑफिसला दिलेल्या अर्जात मागितल्या आहेत. एक, नगारचीच्या गळ्यावरची रेघ आहे तशी ठेवावी. दोन, पुसलेल्या सर्व रेघा पुन्हा ओढण्याची परवानगी मला द्यावी. पेन माझं, शाई माझी. चित्राच्या नुकसानीबद्दल जी काय केस व्हायची ती माझ्यावर व्हावी, असं लेखी दिलं आहे. कारणाच्या रकान्यात मी ‘कौटुंबिक’ लिहिलं. दुसरा शब्द सापडला नाही.

केतकर फोन उचलत नाहीत. ऑफिसातून ईमेल येतं, त्यावर त्यांचं नाव असतं. मी स्वतः तिकडे दोनदा जाऊन आलो. गेटवरच्या नव्या माणसाने आत सोडलं नाही. शेडखाली ओवैसची गाडी तशीच उभी होती, काचा धुळीने भरलेल्या. मी लांबूनच बघितली.

माझी स्वतःची प्रकृती ठीक आहे. दाढी करताना आरशात उजवा गाल सापडायला हल्ली थोडा वेळ लागतो, एवढंच.

आज सकाळी मेहरीन निघताना मी जिन्यात आडवा उभा राहिलो. म्हटलं, बाय, एकदा सांग, नगारची तुला कसा दिसतो. ती थांबली. ओठ हलले. आवाज नव्हता, पण मी जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर उतरवून घेतला आहे.

“थकलाय,” ती म्हणाली. “हात खाली करायचेत त्याला.”

मग खाली हॉर्न वाजला आणि ती गेली.

अर्ज मिळाल्याची पोच आली आहे. अर्ज विचाराधीन आहे.